वुडपिजन, लपण आणि डिकॉय : इंग्लंडातल्या शेतांची राखण

बांधकरी

लिंकनशर, नॉरफक, केंब्रिजशर या पट्ट्यात शेतीशी संबंध असलेले बरेच जण इथे आहेत. वुडपिजनचा (पिकं खाणाऱ्या रानकबुतराचा) विषय दर वसंतात दोन-तीन वेगळ्या धाग्यांवर अर्धवट निघतो आणि विरून जातो. म्हणून एकच धागा काढतोय. भर घाला, पटलं नाही तिथे टोका.

आधी पक्षी. आपल्याकडच्या पारव्यापेक्षा चांगलाच दांडगा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मानेवर पांढरा डाग, उडताना पंखावर ठळक पांढरी पट्टी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागचंसुद्धा जवळपास सगळं दिसतं. हिवाळ्यात रेपची कोवळी पानं खातो (रेप म्हणजे मोहरीच्या जातकुळीतलं तेलबियांचं पीक), मार्च-एप्रिलात नुकती पेरलेली बार्ली आणि वाटाणा, जुलैत पावसावाऱ्याने लोळलेलं धान्य, ऑगस्टनंतर धसकटातले सांडलेले दाणे. रेपचे शेंडे खुडले गेले की झाड जिवानिशी जात नाही, पण फुलोरा मागेपुढे होतो आणि कापणीच्या वेळी अर्धं शेत पिवळं, अर्धं हिरवं राहतं. खरं नुकसान ते.

आता मुद्द्याचं. डिकॉय (म्हणजे पक्ष्याला फसवायला शेतात मांडलेला खोटा किंवा मेलेला पक्षी) पक्ष्याला बोलावून आणत नाही. ज्या शेतात तो आधीच यायला निघालाय, त्या शेतात नेमकं कुठे उतरायचं एवढंच डिकॉय ठरवतो. हे डोक्यात बसलं नाही, तर पाचशे पौंडांचं सामान घेऊन दिवसभर रिकामं आकाश बघत बसावं लागतं.

म्हणून सगळ्यात मोठं काम आदल्या दिवशीचं. बंदूक घरी, फक्त दुर्बीण. शेतात थवा बसलेला दिसला म्हणून लगेच तिथे लपण (दडून बसायचा आडोसा) उभारायचं नाही. पक्षी हवेतही ठरलेल्या वाटेने येतात : हेजची (झुडपांच्या कुंपणाची) ओळ, ओढ्याची घळ, दोन झाडींमधली फट. बघायचं ते हे : कोणत्या वाटेने येतात, शेताच्या कोणत्या भागात उतरतात, उतरण्याआधी कोणत्या झाडावर बसून टेहळणी करतात आणि किती वाजता. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून साधारण दहापासून तीनपर्यंत चरणं सलग चालतं. उन्हाळ्यात सकाळी एक पाळी, दुपारी झाडात आराम, चारनंतर दुसरी पाळी.

वारा बदलला की वाटही सरकते. जोराच्या वाऱ्यात पक्षी खालून, आडोशाआडोशाने येतात, पडलेल्या वाऱ्यात उंचावरून आणि कुठूनही. त्यामुळे प्रत्यक्ष दिवशीही सामान गाडीतच ठेवून आधी अर्धा तास बघायचं.

---

हिरवा_चष्मा

चांगला धागा. पण कायद्याचं आधी येऊ दे, नाहीतर कोणीतरी अर्धं वाचून निघेल.

ब्रिटनमध्ये सगळे जंगली पक्षी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने संरक्षित आहेत. वुडपिजनसुद्धा. त्याला मारता येतं ते 'जनरल लायसन्स'मधल्या सवलतीमुळे. इंग्लंडात पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी जीएल ४२ या क्रमांकाचं जनरल लायसन्स लागू आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात. मुख्य अट अशी की न मारता हुसकावण्याचे उपाय करून पाहिलेले हवेत आणि ते चालूही हवेत. शिवाय जमीनमालकाची किंवा कसणाऱ्याची परवानगी, ती लेखी असलेली बरी. स्कॉटलंड आणि वेल्सची लायसन्सं वेगळी. २०१९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडातली जुनी लायसन्सं कोर्टातल्या आव्हानानंतर एका फटक्यात रद्द झाली होती, तेव्हा 'दरवर्षीचं तेच असतं' म्हणून जुन्या कागदावर विसंबू नका. दर जानेवारीत नवा मजकूर वाचा.

त्याच कायद्यात दोन गोष्टींना सक्त मनाई आहे : आवाजाचं रेकॉर्डिंग लावून पक्षी खेचणं, आणि बांधलेला, आंधळा केलेला किंवा जखमी जिवंत पक्षी डिकॉय म्हणून वापरणं. फोनवर घुटरघूं लावायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

आणि ओळख! स्टॉक डव्ह (दुसऱ्या जातीचं रानकबूतर) त्याच थव्यात चरतो आणि तो पूर्ण संरक्षित आहे. तो जरा लहान, मानेवर आणि पंखावर पांढरं अजिबात नाही, डोळा काळा, पंखावर दोन तोकड्या काळ्या रेघा, पंखांची फडफड जलद. 'मानेवर पांढरं नाही म्हणजे स्टॉक डव्ह' हा नियम मात्र चुकीचा. वुडपिजनच्या पिल्लांच्या मानेवरही डाग नसतो. पंखावरची पांढरी पट्टी पिल्लांनाही असते, म्हणून पट्टी बघा, मान नाही. शंका आली तर बंदूक खाली.

---

बांधकरी

@हिरवा_चष्मा, धन्यवाद, हे वरच हवं होतं.

आता लपण. जागा ठरवताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पक्ष्यांची वाट, वारा, मागचा पडदा. पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. म्हणून वारा आपल्या पाठीवर किंवा एका बाजूने हवा. पाठीवर असेल तर पक्षी समोरून, थेट आपल्याकडे तोंड करून येतो. नेम सोपा, पण त्याला आपण दिसण्याचा धोकाही जास्त. बाजूचा वारा असेल तर तो समोरून आडवा जातो आणि त्याची नजर डिकॉयवर असते. मला बाजूचा वारा जास्त पसंत. वारा समोरून तोंडावर येत असेल तर ती जागा सोडा, पक्षी तुमच्या डोक्यावरून, पाठीमागून येतील.

सूर्य समोर असला की चेहरा उजळतो. रंग काळा असो वा गोरा, कातडी चमकतेच, त्यामुळे तोंडावर जाळीचा बुरखा आणि हातमोजे घालायचेच.

बांधणी अशी :

हेजला पाठ लावून, हेजच्या पुढे बसायचं. हेजच्या आत घुसायचं नाही, बंदूक फिरत नाही. चार किंवा पाच घडीचे लोखंडी खांब, वरच्या टोकाला बेचकं, खालच्या टोकाला पायाने दाबायची पट्टी. पुढचे खांब किंचित बाहेरच्या बाजूला कलते रोवा. जाळी साधारण चार मीटर लांब, दीड मीटर उंच, अशा दोन. एक पुढे, एक मागे. नवखे लोक मागची जाळी विसरतात. हिवाळ्यात हेजची पानं गळालेली असतात आणि मागून उजेड आला की माणसाची आकृती पुढच्या जाळीतून पुतळ्यासारखी दिसते. दुसरी जाळी त्यासाठीच.

जाळी ताणायची नाही. ताणलेली जाळी सपाट भिंत होते आणि ओली झाली की चकाकते. ढिली, चुण्या पडतील अशी टाका, पण वाऱ्याने फडफडू नये म्हणून खालची कड मातीने किंवा दगडाने दाबा. खालच्या तृतीयांशात तिथलंच गवत, नेटल (खाजरं रानटी झुडूप), वाळकं काटकूट खोचा. दुसरीकडून तोडून आणलेल्या हिरव्या फांद्या नकोत. दोन तासांत पानं मलूल होऊन उलटतात आणि त्यांची फिकट बाजू वर येते. आसपासच्या हिरवळीत तो पांढुरका ठिपका दुरून ओळखू येतो.

उंची : बसल्यावर डोळे जाळीच्या कडेच्या जरा खाली, जाळीतूनच बघता यावं. उभं राहिल्यावर कड छातीच्या खाली. त्यापेक्षा उंच केलं तर नळी अडकते, बुटकं केलं तर टोपी दिसते. बसायला झाकणाची बादली उत्तम, सामानही त्यातच. बसण्याआधी पायाखालच्या काटक्या दूर करा, जमीन पायाने सपाट करा आणि रिकामी बंदूक डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. हे नंतर करता येत नाही.

---

बारा_बोअर

"रंग काळा असो वा गोरा" हे आवडलं 😄

लपणाबद्दल एकच भर. जागा उत्तम असेल आणि हेज नसेल, तर पेंढ्यांचे गठ्ठे मालकाकडून मागून घ्या. धसकटाच्या शेतात चार गठ्ठे पक्ष्याला खटकत नाहीत. पण ते दोन दिवस आधी तिथे ठेवलेले हवेत. आणि गठ्ठ्यांवर जाळी पांघरायची गरज नाही, उलट त्याने बिघडतं.

---

रानभाजी

वाचतेय. डिकॉय किती लागतात आणि कोणते घ्यावेत? ऑनलाइन बघितलं तर पोकळ प्लॅस्टिकचे, मखमलीचे, फुगवायचे, फिरते... दुकानच आहे सगळं.

---

बांधकरी

@रानभाजी, सर्वात उत्तम डिकॉय म्हणजे मेलेला वुडपिजन. बाकी सगळं त्याच्या खालोखाल.

सुरुवातीला दहा-बारा पोकळ डिकॉय पुरे. पोकळ म्हणजे नुसती पाठीची कवची, आतून रिकामी, एका लवचिक काठीवर बसते आणि वाऱ्यात डुलते. एकात एक बसतात म्हणून पिशवीत डझनभर मावतात. घेताना एकच बघा : पृष्ठभाग मखमली, न चकाकणारा हवा. चकचकीत प्लॅस्टिक पावसाच्या दोन थेंबांनी आरसा होतं. जुने चकाकायला लागले तर न चकाकणाऱ्या करड्या रंगाचा हात द्या.

मांडणी. लपणापासून पंचवीस पावलांवर मधोमध. एकंदर आकार घोड्याच्या नालासारखा किंवा स्वल्पविरामासारखा, उघडं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पक्षी जिकडून येणार तिकडे. आतली मोकळी जागा हीच उतरायची जागा. तिच्यात काहीही ठेवायचं नाही. दोन डिकॉयमध्ये दीड ते दोन मीटर अंतर. चरणारे वुडपिजन एकमेकांपासून अंतर राखून चरतात. घोळक्याने, मान वर करून उभे असतात ते बिचकल्यावर. म्हणजे डिकॉय चिकटून ठेवलेत तर तुम्ही स्वतःच 'इथे धोका आहे' अशी पाटी लावलीत.

तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण कवायतीसारखी एका रेषेत नकोत. थोडी इकडे, थोडी तिकडे. सगळ्यात लांबचा डिकॉय पस्तीस पावलांवर ठेवा. त्याच्या पलीकडे बार टाकायचा नाही, हीच खूण.

मग जसजसे पक्षी पडतील तसतसे ते मांडणीत जातात आणि प्लॅस्टिकचे उचलले जातात. मेलेला पक्षी ठेवायची रीत : रक्त पुसा, पंख मिटवून अंगाशी दाबा, छाती मातीत जरा बसवा. वीतभर काटकीला दोन्ही टोकांना अणी करा. एक टोक मातीत, दुसरं चोचीखाली हनुवटीच्या मऊ भागात. डोकं उचललेलं राहतं. तोंड वाऱ्याकडेच हवं, कारण शेपटीकडून वारा आला की पिसं उलटी उभी राहतात आणि तो पक्षी लांबूनच मेलेला दिसतो. पोट वर करून पडलेला, पंख पसरलेला पक्षी मांडणीत राहिला की पुढचा थवा पन्नास पावलांवरून कलटी मारतो. पिसांचे पुंजकेही उचला.

---

हिरवा_चष्मा

कावळ्याचा एखादा डिकॉय मांडणीच्या कडेला, लांब. कावळा जमिनीवर निवांत बसलाय म्हणजे माणूस नाही, असा हिशेब बाकीचे पक्षी करतात. मधोमध मात्र नको.

---

बारा_बोअर

आता फिरत्या यंत्राचं. इथे त्याला मॅग्नेट म्हणतात. मधे मोटर, दोन लांब दांडे, प्रत्येक टोकाला पंख पसरलेला एक पक्षी, बारा व्होल्टची बॅटरी. पक्षी उतरताना पंखांची जी पांढरी चमक दिसते, ती हे दाखवतं. लांबून जाणाऱ्या थव्याची मान वळवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

बिघडतं काय? एक, वेग. टोकाचे दोन पक्षी वेगवेगळे दिसले पाहिजेत, वेगात नुसतं चक्र दिसायला लागलं की जास्त झालं. दोन, जागा. मॅग्नेट उतरायच्या मोकळ्या जागेत ठेवू नका. कडेला, वाऱ्याच्या बाजूला, वीस-पंचवीस पावलांवर. तीन, बॅटरी. चार तासांनी दांडा रखडत फिरायला लागतो, मधेच अडतो. थंडीत बॅटरी आणखी लवकर बसते, दुसरी भरलेली हवी. चार, तार. केबल उघडी ठेवू नका, मातीत चर पाडून पुरा, नाहीतर पक्षी आणायला गेल्यावर पायात अडकते आणि यंत्र आडवं.

---

बांधकरी

मॅग्नेटवर माझं मत थोडं वेगळं. पहिल्यांदा चालतं तेव्हा जादू वाटते. त्याच शेतात तिसऱ्या वेळी तोच थवा मॅग्नेट दिसला की वरच्या वर वळतो. आता या पट्ट्यात जवळपास प्रत्येक शिकाऱ्याकडे ते असल्यामुळे पक्षी शहाणे झालेत. वळून येऊन शेवटच्या क्षणी उसळी मारत असतील तर आधी मॅग्नेट बंद करा, मग बाकीच्या गोष्टी तपासा.

त्याऐवजी डुलती काठी. दोन मीटरची लवचिक फायबरची काठी तिरकी रोवायची, टोकाला तारेच्या पाळण्यात पंख पसरलेला पक्षी. वाऱ्याने तो वरखाली होतो, उतरत असल्यासारखा. बॅटरी नाही, आवाज नाही. दोन पुरतात. वारा नसेल तर मात्र नुसता टांगलेला पक्षी, तेव्हा काढून ठेवा.

---

बारा_बोअर

मान्य, पण अर्धवट. जिथे कोणी फिरकत नाही अशा शेतात मॅग्नेटने दिवस बनतो. रिमोटचा स्विच लावा : पक्षी लांब असताना चालू, तोंड वळवून येताना बंद. भांडण मिटलं.

---

रानभाजी

उसळी मारतात म्हणजे नक्की काय चुकलेलं असतं? यादी आहे का काही?

---

बांधकरी

यादी म्हणण्यापेक्षा, कुठून उसळी मारतात ते बघा.

मांडणीच्या वर येऊन, खाली बघत, मग वळत असतील तर दोष मांडणीत : चकाकणारा डिकॉय, उलटा पक्षी, मॅग्नेट, फार जवळ-जवळ ठेवलेले. साठ-सत्तर पावलांवरूनच लपणाच्या विरुद्ध बाजूला झुकत असतील तर दोष लपणात : चेहरा, हालचाल, लपणाच्या मागे उभी ठेवलेली गाडी. गाडी निदान पुढच्या शेतात ठेवा. आणि मांडणीकडे न बघताच पलीकडे दोनशे मीटरवर उतरत असतील तर दोष जागेत. काहीही सजवू नका, उठा आणि तिकडे जा. लोक इथेच हटून बसतात.

हालचालीबद्दल : पक्षी दिसला की उभं राहायचं हा घात. बसून राहा, डोकं न हलवता डोळ्यांनी बघा. त्याने पाय खाली सोडले, पंख वाडग्यासारखे वाकवले, की मगच एका हालचालीत बंदूक खांद्याला. आणि लपणातून सारखं बाहेर जाऊन पक्षी गोळा करू नका. स्वच्छ मेलेले पडू द्या, पक्षी येणं थंडावलं की एकदम गोळा करा. जखमी असेल तर मात्र तत्काळ. वाट बघायची नाही. सोबत शिकवलेला कुत्रा असेल तर उंच पिकातला पक्षी सापडतो, नाहीतर हरवतो.

---

बारा_बोअर

बंदुकीकडे. इथे सर्वसाधारण शॉटगन सर्टिफिकेटवर अर्धस्वयंचलित बंदूक असेल तर मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये एक, याहून जास्त नाही. मला तरी दुनळी बरी वाटते. उघडी ठेवली की सगळ्यांना दिसतं की रिकामी आहे, आणि रिकामी काडतुसं हातात येतात, पिकात उडत नाहीत.

काडतूस : शिशाचं २८ ते ३० ग्रॅमचं सहा किंवा सात नंबर, पाव चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा). पंचवीस पावलांवर यापेक्षा घट्ट चोक म्हणजे एकतर चुकणार नाहीतर पक्ष्याचा चेंदा. आतला बूच फायबरचाच घ्या. बरेच शेतकरी प्लॅस्टिकचा चालवून घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, तो चाऱ्यात जातो.

शिशाचं भवितव्य ठरल्यातच जमा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या नऊ शिकार आणि ग्रामीण संघटनांनीच पाच वर्षांत शिसं सोडायचं जाहीर केलं होतं. तेव्हा नव्याने सुरू करणाऱ्याने सरळ स्टीलची सवय लावावी. स्टील हलकं, म्हणून दोन नंबर मोठं घ्या : शिशाचं सहा वापरत असाल तर स्टीलचं चार. अर्ध्या चोकपेक्षा घट्ट नको. जुनी बंदूक असेल तर स्टील चालतं का हे गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय एकही टाकू नका.

सुरक्षा : लपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवा, नळी त्या दोन काठ्यांच्या बाहेर जाणार नाही. बसक्या, जमिनीलगतच्या पक्ष्यावर बार नाही, कारण छरा पलीकडे कुठे जातो ते दिसत नाही. आणि इंग्लंडात सार्वजनिक पायवाटा शेतांमधूनच जातात. नकाशा आधी बघा. वाटेवर माणूस दिसला की बंदूक उघडून ठेवा, तो जाईपर्यंत. लपणाबाहेर पाऊल टाकताना काडतूस काढलेलंच हवं, पक्षी आणायला 'दोन मिनिटं' जायचं असलं तरी.

---

कडबाकुट्टी

सोलापूर भागातून. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे आणि साळुंक्यांचे थवे पडतात. यातलं आमच्याकडे काय चालेल? बंदुकीचा परवाना आहे, पीकसंरक्षणाचा.

---

हिरवा_चष्मा

@कडबाकुट्टी, स्पष्ट सांगतो, बंदुकीचा भाग तुमच्यासाठी नाही. परवाना बंदूक बाळगायचा आहे, पक्षी मारायचा नाही. पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. गंमत अशी की हाच पोपट इंग्लंडात उपरा आहे. लंडनच्या बागांत त्याचे थवे आहेत आणि तो वुडपिजनच्याच लायसन्सच्या यादीत आहे.

पण पाहणीचा भाग तुम्हाला जसाच्या तसा लागू. पोपट कोणत्या झाडावरून येतात, शेताच्या कोणत्या कडेला पहिल्यांदा उतरतात, किती वाजता. राखण त्या कडेला, त्या वेळी. सबंध शेतभर दिवसभर डबा वाजवण्यापेक्षा पहाटेचे दोन तास आणि दुपारनंतरचे दोन तास, माळ्यावरून गोफण घेऊन त्याच बाजूला. चमकपट्टी लावत असाल तर कणसांच्या वर हात-दीड हात, पीळ देऊन आणि ढिली, म्हणजे वाऱ्यात घोंघावते. घट्ट ताणली तर नुसती चमकते. हुरडा भरण्याच्या ऐन वेळी लावा, महिनाभर आधी नाही. बुजगावणंही दर दोन-तीन दिवसांनी जागेवरून हलवा, त्याचा सदरा बदला.

---

कडबाकुट्टी

कळलं. माळा आहेच, तो पूर्वेच्या बाजूला हलवावा लागेल, बाभळी तिकडे आहेत.

---

हिरवा_चष्मा

आणखी एक, बांधकरी आणि बारा_बोअर दोघांसाठी. मारून वुडपिजनची संख्या कमी होते हा समज टाका. गेल्या शतकाच्या मध्यात इथलं सरकार कबुतरं मारायला काडतुसांवर अनुदान देत असे. पक्ष्यांचे अभ्यासक मर्टन यांनी केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९७४ च्या निबंधात मांडलं की हिवाळ्यात बंदुकीने मेले, तेवढेच तसेही चाऱ्याअभावी मेले असते. वसंतातली संख्या तीच. पुढे रेपचा पेरा वाढला आणि हिवाळ्यातली उपासमारच कमी झाली, मग तर विचारायलाच नको.

म्हणजे बंदुकीने राखलं जातं ते एक शेत, एका नाजूक काळात. पेरणी झाल्यापासून रोप वर येईपर्यंतचे पंधरा दिवस, किंवा लोळलेलं पीक कापणीला येईपर्यंत. तेवढ्यावर लक्ष द्या. ऑगस्टात धसकटावर मारून पिकाचं काय वाचतं? तेव्हाच बहुतेक घरट्यांत पिल्लं असतात.

---

बांधकरी

धसकटाबद्दल सहमत. मारणं कोणत्या पिकासाठी, हे सांगता येत नसेल तर लायसन्सच्या अटीतही बसत नाही.

पण 'तेवढ्यानेच काही होत नाही' असंही नाही. एका शेतावर बसून राहिलं तर थवा शेजारच्या शेतावर जातो, हे खरं दुखणं. म्हणून शेजारपाजारचे तीन-चार शेतकरी मिळून ठरवा : एका शेतावर लपण, बाकीच्यांवर गॅसची (नुसता आवाज काढून हुसकावणारी) तोफ, ससाण्याच्या आकाराचे पतंग, खताच्या पोत्यांचे झेंडे. थव्याला शांत जागा एकच उरते, ती तुमच्या लपणासमोरची. तोफ तीन दिवस एकाच जागी राहिली तर तिच्यावरच बसतात, म्हणून तीही हलवत राहा.

आणि पहिला पडलेला पक्षी उघडून बघा. गळ्याखालच्या पिशवीत काय आहे ते बोटाने बाहेर काढा. रेपवर बसलेला थवा बघून आपण रेपवर मांडणी करतो आणि पिशवीत निघतात बार्लीचे दाणे. म्हणजे रेपवर नुसते टेकलेत, जेवण दुसरीकडे. त्या दाण्यांचं शेत शोधा.

---

रानभाजी

आणि मांस? टाकून देऊ नये असं वाटतं.

---

बांधकरी

टाकायचं नाहीच. उन्हाळ्यात मात्र पोत्यात कोंबू नका, उबेने तासाभरात खराब होतात आणि माश्या आधी पोचतात. सावलीत, एकमेकांना न चिकटवता मांडा, जाळीची पिशवी असेल तर उत्तम. गेम डीलर (शिकारीच्या मांसाचा व्यापारी) विकत घेतो, भाव फार नसतो. घरी ठेवायचे तर छाती तेवढी काढून घ्या. छातीच्या हाडावरची कातडी बोटांनी फाडली की दोन फाका सहज सुटतात. छरा बोटाने चाचपून काढा. मांस गडद लाल, चरबी नसते. फार शिजवलं की चामडं. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर झाकून, किंवा पातळ काप करून तव्यावर दोन मिनिटं, मधलं काही नाही.

चांगल्या स्थितीतले सहा-सात अख्खे पक्षी पुढच्या खेपेच्या मांडणीसाठी फ्रीजरमध्ये ठेवता येतात. डोकं उचललेलं, पंख मिटलेले अशा ठेवणीतच वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण गोठल्यावर आकार बदलत नाही. पहाटे काढून तसेच गोठलेले मांडले तरी चालतात. दुपारी विरघळून मान लोंबायला लागली की काटकी लावा. एकदा विरघळलेला पुन्हा गोठवू नका, आणि खाण्याच्या मांसाच्या खणात तर अजिबात ठेवू नका.

---

बारा_बोअर

रिकामी काडतुसं मोजून परत आणा, लिहायचं राहिलं. मालक पुढच्या वेळी परवानगी देतो की नाही ते बरंचसं त्यावरच ठरतं.